वॉशर

मुफुलिराच्या खाणीमागे, वस्तीच्या उतरणीला,
जिथे भट्टीचा धूर घशात नखं रोवतो
(आम्ही त्याला सेंटा म्हणतो, शेजाऱ्याला हाक मारावी तसं)
आणि आंब्याशिवाय कुठलंही झाड तग धरत नाही,
तिथे आम्ही चिंपोम्ब्वा बांधायचो:
पिशवीवर पिशवी, वरून सुतळीची जाळी.
काबासो डाव्या पायाने मारायचा.
गोलात मी.
कसा मारायचा ते माझ्या तळहातांना विचारा.

पुढचं गावाला पाठ आहे.
सोळाव्या वर्षी खाणीच्या संघात, एकोणिसाव्या वर्षी विमानात.
बेल्जियममध्ये नऊ हंगाम, एकशे चौदा गोल,
देशाच्या जर्सीत एक्केचाळीस सामने,
आणि ती एक पेनल्टी.
ती कुणी आकड्यांत धरत नाही,
लोक ती तारखेसारखी वापरतात:
थोरलीचं लग्न पेनल्टीच्या आदल्या वर्षी.
पेनल्टी झाली त्या आठवड्यात तीन नंबरचा शाफ्ट बंद पडला.

पैसा आला तेव्हा त्याने दवाखान्याला एक्स-रे यंत्र दिलं.
मंत्री आले. फीत कापली, मग कोंबड्या.
यंत्र अजून आहे.
नर्सबाई त्यावर चादरींच्या घड्या ठेवतात,
कारण इथल्या विजेला ते झेपत नाही.
पाच वर्षं हे त्याला कुणी कळवलं नाही.
दानाच्या गाईचे दात कोण मोजणार?
मीही नाही मोजले.

तिसऱ्यांदा गुडघा उघडला
तेव्हा डॉक्टरने चित्र दाखवलं म्हणे:
दोन हाडं, आणि मध्ये काहीच नाही.
"हापशाचं वॉशर गेलं की दांडा कसा कुरकुरतो,
तसं," तो फोनवर म्हणाला.
"हापशाचं मिळतं," मी म्हणालो.
बराच वेळ दोघंही बोललो नाही.
पैसे त्याचेच जात होते.

आता एक जुनी पिकअप.
मागे पाइप, पाने, साखळी, डबाभर रबरी वॉशर.
हिशेबाची वही माझ्याकडे:
आजवर दोनशे सहा हापसे, त्यांतले नवे अकराच.
बाकी सगळे आधीच कुणी ना कुणी दिलेले,
पाटीसकट, आणि बंद.
त्या पाट्या तो काढत नाही.
स्वतःची लावत नाही.
(एकदा लावली होती. बकऱ्या तिला पाठ घासायच्या.)

ऑक्टोबर. जॅकरंडा जांभळी, जमीन तव्यासारखी.
लुफ्वान्यामाच्या पुढे, जिथे रस्ता नुसता समजून घ्यायचा असतो,
रांगेतून बाना चोम्बा पुढे आली,
चितेंगेला हात पुसत.
"तूच ना रे तो? बारवरून मारणारा?"
रांग गप्प. बादल्यासुद्धा.
"मीच."
"आमच्या माणसाने त्या रात्री रेडिओ विहिरीत टाकला."
"कुठल्या विहिरीत?"
"तू उभा आहेस तिथेच होती. बुजवली मग.
तिच्या कडेला हा हापसा."

काबासो खाली बसला.
डावा गुडघा दुमडत नाही,
म्हणून पाय लांब पसरून,
टॅकलनंतर शिट्टीची वाट पाहत बसावा तसा.
दुपारभर आम्ही चौघांनी पाइप वर ओढले.
सगळ्यात खालचं वॉशर
हातात घेतल्यावर भाकरीच्या जळक्या कडेसारखं तुटलं.
त्याने ते खिशात टाकलं. नेहमी टाकतो.
का, ते मी विचारत नाही.

मग दांडा बाना चोम्बाच्या हातात.
आधी हवा. मग गंज. मग लाल चिखल.
मग बराच वेळ काहीच नाही,
आणि मग पाणी.

"रेडिओ लागतोय का बघ," ती म्हणाली.
त्याने खरंच पाइपला कान लावला.
पोरं दम धरून.
"काय म्हणतोय?"
"म्हणतोय, पेनल्टी अजून व्हायचीय."

ती हसली नाही. तिने दांडा जोरात हापसला.

परतताना तो झोपला, तोंड उघडं टाकून.
टपाच्या मिणमिणत्या दिव्यात मी वही भरली:
वॉशर, दोन. नट, पाच. साखळी, जुनीच.
रेडिओ, एक.
मिळाला नाही.